मुराळ्याची होडी

१२ जुलै, शनिवार

होडी आली! कुरिअरवाल्यानं खोकं जिन्यात आपटलं आणि विचारलं, "ताई, गादी आहे का?" म्हटलं, हो, गादीच. होडी म्हटलं असतं तर अख्ख्या मुकुंदवाडीत बोभाटा झाला असता.

नळाला पाणी येतं आठवड्यानं. प्यायला जार. आणि आमच्या घरी होडी! फुगवायची, दोन माणसांची. दोन वल्ही, दोन केशरी जाकिटं, पायानं दाबायचा पंप. गोकुळनं (समोर 'अहो', इथं गोकुळ) ती हॉलमध्येच फुगवली. सोफा भिंतीला उभा करावा लागला. मग त्यात बसून टीव्ही पाहिला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस!

सासूबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ह्याच्यातून माझी सरू येणार?"

"येणार म्हणजे? आणणारच!"

१३ जुलै, रविवार

का घेतली ते लिहून ठेवते, नाहीतर पुढं मलाच खरं वाटायचं नाही.

सरूताई माझी नणंद, गोकुळच्या पाठची. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, पलीकडच्या काठावरच्या गावात दिलेली. चार वर्षांपूर्वी ह्या फ्लॅटची वास्तुशांत केली तेव्हा गोकुळनं तिला व्हॉट्सअॅपवर पत्रिका पाठवली. खाली जोडलेले हात, एक गुलाबाचं फूल. तिचा निरोप आला — मुराळी आल्याशिवाय येणार नाही. आमच्याकडं रीत आहे खरी. सणावाराला लेकीला माहेरी आणायला भावानं स्वतः जायचं, तो मुराळी. पण ही रीत आता पाळतं कोण? गोकुळला राग आला. "आमंत्रण ते आमंत्रण! बायांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, ये म्हणावं बसून."

तेव्हापासून दर पंचमीला, दर दिवाळीला आई फोन लावतात. सरूताई तेवढं एकच वाक्य बोलते आणि ठेवते. ना तब्येत, ना पाऊसपाणी. मी तिला मनातल्या मनात राणीसरकार म्हणते. आणि भावकीत बोल कुणाला? मला! "सुनेनंच शिकवलं असंल." सुनेला तर पत्रिका गेल्यावर कळलं.

गेल्या महिन्यात आईंना छातीचं दुखणं झालं. दवाखान्यातून घरी आल्या त्या एकच धरून — "पंचमीला सरू दिसली पायजे. नाय तर म्या काय पुढची पंचमी बघत नाय." तेव्हा कुठं गोकुळचा ताठा मोडला. पण सगळा मोडला तर तो गोकुळ कसला! जीपनं गेला तर हार झाली ना. रस्त्यानं शंभर किलोमीटरचा वळसा, पाण्यातून चार. म्हणून होडी. "असा जातो की गावानं नाव काढलं पायजे. मग बघू, काय म्हणते!"

पडलो तरी नाक वर.

१६ जुलै, बुधवार

आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. भांडी घासताना लक्षात आलं.

२० जुलै, रविवार

सराव झाला. दौलताबादला, वासिफभाईंच्या मामूंच्या शेततळ्यात. वासिफभाई गोकुळचे कंपनीतले दोस्त. गाडी त्यांची, आणि ह्या कामातला निम्मा उत्साहही त्यांचाच. मामूंना एकच काळजी — "पानी हिलाव नक्को बाबा, मोटर में कचरा आता!"

गोकुळ तळ्यात गोल गोल फिरला. डावीकडं मारलं की उजवीकडं, उजवीकडं मारलं की परत मामूंपाशी. वासिफभाई काठावरून ओरडत होते, "सीधा, गोकुळभाई, सीधा! घाने का बैल हो गये क्या!" शेवटी एकदा सरळ आला आणि त्यालाच इतका आनंद झाला की वल्हं सुटलं. ते बादलीनं काढलं.

बेत असा होता की गोकुळ आणि वासिफभाईंनी जायचं. घरी आल्यावर आईंनी तो मोडला. "मुराळ्यासंगं घरची बाईमाणूस पायजे. तिची वटी कोण भरंल, वासिफ?" वासिफभाई ताबडतोब म्हणाले, "बिलकुल सही, खाला." इतक्या चटकन माणूस सुटलेला मी पाहिला नाही. म्हणजे मी जाणार!

क्लिनिकमध्ये दात काढायला आलेल्या लोकांना "काही होत नाही हो" म्हणायचा मला पगार मिळतो. आज स्वतःला म्हणून पाहिलं. लोकांना कसं पटतं कोण जाणे.

२४ जुलै, गुरुवार

पातळ, नारळ, हिरव्या बांगड्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्या. गोकुळ ताकातला डावही वल्ह्यासारखा फिरवतो.

२८ जुलै, सोमवार

बोटं मिटत नाहीत, अक्षर वाकडं येतंय. तरी लिहिते. कालचं.

वासिफभाईंनी सकाळी गंगापूरच्या अंगानं काठावर नेलं. तिथं पाटी — पाण्यात उतरण्यास मनाई. पाटीला कुणीतरी म्हैस बांधलेली. म्हटलं, म्हशीला चालतं तर आपल्याला का नाही. वारा नव्हता. "भाभी, एकदम मक्खन!" वासिफभाई म्हणाले आणि काठावरच थांबले.

पहिला तुकडा खरंच लोणी. मी फोटो काढला. मग मागचा काठ लहान होत गेला आणि पुढचा काही मोठा होईना! उजव्या हाताला नुसतं पाणी, आभाळाला टेकलेलं, गढूळ. आमच्या नळाला येत नाही ते सगळं इथं होतं. मग त्याच बाजूनं वारा सुटला. होडी आधी डुलायला लागली, मग आपटायला.

"सोनिया, डावं मार!"

"तुमचं डावं का माझं?"

"अगं, एकाच दिशेला बसलोय! दोघांचं डावं एकच असतंय!"

अठरा वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर मुराळी ओकला. सकाळचे पोहे सगळे. तोंड पुसून म्हणाला, "हे तिकडं सांगू नको."

पलीकडं होडी लांबूनच बघून अख्खं गाव काठावर जमलेलं. पोरं, कुत्री, म्हातारी माणसं. मला वाटलं सरूताई दारात ताठ उभी असेल, आम्हीच पाया पडायचं असेल. ती गुडघाभर पाण्यात उतरून आली. केस बरेच पिकलेत. गोकुळचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि "आलास. दादा, आलास तू," एवढंच म्हणत राहिली. माझ्याशी शब्द नाही. पण मनगट धरलं ते घर येईपर्यंत सोडलं नाही.

सत्कार जोरात. टॉवेल, टोपी, पुरणपोळी, वर तुपाची धार. सरूताईच्या सासू मनकर्णाबाई स्वतः वाढत होत्या. जेवणं झाल्यावर दाजी, म्हणजे तिचे मालक कडूबा, म्हणाले, "आता वारं लई वाढलं. ऱ्हावा आज. उद्या म्याच जीपनं आणून सोडतो सरूला, आन सांजच्याला संगंच माघारी घिऊन येतो." म्हटलं, किती गरीब माणूस! ह्यांना असली बायको मिळाली.

तेवढ्यात सरूताई बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली. ओट्याखाली गाव बसलेलं होतं. तिथं मोठ्यानं म्हणाली, "मुराळी ज्यातून आला त्यातूनच जायाचं. आत्ता."

गावातले सांडूबाबा म्हणून एक म्हातारे होते, ते मान हलवून म्हणाले, "बराबर हाय. मुराळ्याला रिकामं धाडत्यात व्हय?" झालं! चारचौघांत रीत कोण मोडणार? मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. होडी दोन माणसांची. आम्ही दोघं आलो. आता तिसरी बसणार कुठं? पंधरा दिवस आम्ही पंप, जाकिटं, नारळ, बांगड्या, सगळ्याचा विचार केला होता. जिला आणायला चाललो तिला बसायला जागा लागेल हे गोकुळ, मी, वासिफभाई, आई, एकाच्याही लक्षात आलं नाही! मी गोकुळला हळूच म्हटलं, ताईंना उद्या जीपनंच येऊ दे. सरूताईनं ऐकलं. "उद्या नाय," म्हणाली. नखं माझ्या मनगटात. दाजी म्हणाले, मग वहिनींना ठेवा, वहिनी जीपनं येतील. तर "वैनी बी येतील." म्हटलं घ्या, राणीसरकारांचा हुकूम.

निघालो तिघं. गोकुळनं स्वतःचं जाकीट काढून तिला घातलं. मांडीवर तिचं गाठोडं, पायाशी मनकर्णाबाईंनी दिलेली शिदोरीची पाटी. पोळ्या, पापड्या आणि वर हे मोठं डांगर, अख्खा लाल भोपळा! गावानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकू येईनाशा झाल्या आणि पहिली लाट आत आली.

जाताना जे होतं ते काहीच नव्हतं. आता लाटा आडव्या. होडीचं नाक वर जायचं की गोकुळ माझ्या डोक्यावर, खाली आपटायचं की मी त्याच्या पाठीवर. कमरेपर्यंत पाण्यात बसलेलो आम्ही. मी पोळ्यांचा डबा रिकामा करून पाणी उपसत होते, उपसलं तेवढं परत आत. गोकुळ ओरडला, "वजन टाका! सरू, ते गाठोडं टाक!" तिनं ते आणखी आवळून धरलं. दुसऱ्या हातानं शिदोरीची पाटी उचलली आणि दिली फेकून. मागं वळून पाहिलंही नाही! सासरची शिदोरी अशी टाकणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. डांगर मात्र बुडेना. आमच्या पुढं पुढं चाललं, आमच्यापेक्षा सरळ.

मग तिनं माझ्या हातातलं वल्हं घेतलं. येत नव्हतं तिला, पण थांबतही नव्हती. एकदा विचारलं, "वैनी, मागून कुणी येतंय का बघा."

"मागून कोण येणार, मासे?"

ती हसली नाही.

मी भ्याले. इथं खोटं कशाला लिहू? एका लाटेला होडी इतकी कलली की वाटलं, संपलं. आई दाराकडं डोळे लावून बसल्यात आणि आम्ही तिघंही जाणार. रडत होते, ओरडत होते, देवांची नावं घेत होते, आमच्या आणि वासिफभाईंच्या दोन्हीकडच्या. सरूताईचा पदर घट्ट धरला. ती एकसारखी म्हणत होती, "मारा वैनी, पाणी मारा भाईर. थांबू नका." तिचा आवाज थरथरत नव्हता. त्याचाच मला धीर आला.

वाऱ्यानं कुठल्या कुठं नेलं. काठाच्या बाभळीत शिरलो आणि होडीत काटे घुसले. फुस्स! पण तिथं पाणी कमरेएवढंच होतं. वासिफभाई चिखलातून पळत आले, बूट हातात, डोळ्यांत पाणी. तिघांना पाहिलं आणि तोंडच उघडं पडलं. "या अल्लाह! दो गये थे ना?"

घरी आईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग लेकीला धरून बसल्या. मीही रडले. तिचा मला राग होता, पण रडू आलं.

२९ जुलै, मंगळवार

पंचमी. चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून दिंडं उकडली. आईंनी दोन खाल्ली! सरूताई दुपारी पंख्याखाली झोपली ती दिवेलागणीला उठली. एवढं झोपतं का कुणी माहेरी? बोलायचं सोडून!

गोकुळ गल्लीत लाटा सांगत फिरतोय. सकाळी कमरेएवढ्या होत्या, संध्याकाळी दुसऱ्या मजल्यापर्यंत आल्या. असो. आई हसल्या, भावाचं नाक राहिलं, बहिणीचा हट्ट पुरा झाला. तीन माणसं बुडता बुडता वाचली ती एका बाईच्या मानपानापायी, हे मात्र मी इथं लिहून ठेवते.

३१ जुलै, गुरुवार

सकाळी चहाला गोकुळ म्हणाला, "सरू, रविवारी सोडायला येतो. जीपनंच जाऊ बाई."

तिनं कप खाली ठेवला. "दादा, म्या सणाला नाय आले."

मग एकेक सांगत गेली. तिकडं फोन तिच्या सासूच्या हातात असायचा. बोलायचं ते स्पीकरवर, त्यांच्यासमोर. एकटीनं उंबरा ओलांडायचा नाही, बाजारालाही नाही. दाजी संगं येणार, संगं परत नेणार. मुराळी आला तर पाठवू, असं ते म्हणायचे, कारण गोकुळ येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. फोनवर तेवढंच एक बोलायची तिला मोकळीक होती. तिनं ते चार वर्षं आम्हाला सांगितलं.

गोकुळ उठून गॅलरीत गेला. पाठ हलत होती. माझी मान वर होईना.

दुपारी दाजींचा फोन आला, "रविवारी गाडी घिऊन येतो." मी फोन सरूताईकडं दिला. तिनं दोन्ही हातांनी धरला. "म्या नाय येणार," म्हणाली, आणि आईंना औषध द्यायला आत गेली.