सोपानचं तिसरं प्रॅक्टिकल

७ फेब्रुवारी १९३८, सोमवार
आणि वर म्हणे ओळखा. पांढरी पूड पोरापुढं ठेवायची आणि विचारायचं, ही कसली. ज्यानं ठेवली त्याला ठाऊक नाही का? ठाऊक असेल तर विचारतो कशाला, आणि नसेल तर मास्तर कसला? या एका पुडीपायी माझा सोपान बी.एस्सी.ला दोनदा नापास झाला. कागदावरची केमिस्ट्री पास, हातातली नापास. तिला प्रॅक्टिकल म्हणतात.

धाकटे दीर दत्तोबा काल आंबीहून येऊन सांगून गेले, वैनी, ही तिसरी खेप. आता नापास झाला तर नांगर धरायला धाडा, बैल काय इंग्रजी इचारत न्हाईत. माझ्याच घरचा चहा पिऊन.

सोपान पुण्याच्या कॉलेजातून अभ्यासाला घरी लोणावळ्याला आलाय. परीक्षा २१ मार्चला. आता मीच लक्ष घालणार. शिकले तिसरीपर्यंत, पण पापड लाटण्यात वीस वर्षं गेली, खंडाळ्याच्या बंगल्यांत माझेच पापड जातात. खारातलं मला कोण शिकवणार? निश्चय: पहाटे चारला उठवणे. रोज एक पुडी ओळखायला देणे.

८ फेब्रुवारी
चारला उठवलं. मग मी जरा टेकले. सातला सोपाननं मला उठवलं. उद्यापासून पक्कं.

१० फेब्रुवारी
तुरटी कुटून दिली. नळीत उकळली, गाळली, बाटल्यांतले थेंब घातले. आठला बसलेला, बारा वाजले तरी दुसऱ्या ग्रुपात. ग्रुप म्हणजे काय विचारलं. म्हणाला, भावकी. हा कुणाच्या घरचा ते एकेक घर वगळत शोधायचं. म्हटलं, इतकी दारं कशाला वाजवतोस, जिभेवर ठेव. म्हणाला, तिथलं काही तोंडात घालायचं नसतं, मास्तर ओरडतात. म्हटलं, त्यांच्या आईनं पापड केले नसतील.

१५ फेब्रुवारी
दुसऱ्या ग्रुपाला कसलासा वायू लागतो. तो त्यानं बाटलीत तयार केला. कुजक्या अंड्यांचा वास. शेजारची विठाबाई नाकाला पदर लावून दारात उभी. माळ घालतीस आन अंडी शिजवतीस व्हय गं? म्हटलं, ही केमिस्ट्री आहे. म्हणाली, मग झाकून शिजव.
वायू बंद. उद्यापासून जीभ.

१९ फेब्रुवारी
लय चांगला दिवस. पापडखार, नवसागर, टाकणखार, तिन्ही पुड्या मिनिटात ओळखल्या. डोळे मिटून. कॉलेजात तीन वर्षांत जे जमलं नाही ते मी चार दिवसांत केलं. आल्यापासून पहिल्यांदा हसला. म्हणाला, आई, तूच बस परीक्षेला. मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगायचं तर बसले असते.

२ मार्च
वाळलाय. अभ्यासाचं तेज आहे ते. पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडं बघत बसतो. मनात उजळणी चालते.

जेवताना म्हणाला, मला हे जमत न्हाई. तळेगावच्या काचकारखान्यात भट्टीवर माणसं घेतायत, नळ्या फुंकायला. म्हटलं, जेव.

९ मार्च
परत तेच म्हणाला. म्हटलं, जेव. नम्र पोर आहे, बापावर गेलाय.

१३ मार्च
आज तिसऱ्यांदा तेच काढलं. म्हटलं, जेव. अर्ध्या ताटावरून उठला. परीक्षेआधी हलकं पोट बरंच. दत्तोबा भाऊजींना निरोप धाडला, नांगराला दुसरा गडी बघा.

२० मार्च, सकाळ
पुण्याच्या गाडीत बसवून आले. हातावर दही घातलं. स्टेशनात कानात सांगितलं, तीन तास घालवू नकोस, आधी कण जिभेवर, मग बाकीचं मागनं लिही. मान हलवली. काळजी नाही. निकालाला पेढे खव्याचेच करायचे.

२२ मार्च, दुपार
आला. ओठ पांढरे. आधी पाणी मागितलं, मग बोलला.

पांढरी पूडच होती. एक नळी फुटली, ग्रुप सगळे एकात एक झाले. दीड तास गेला. मग माझं आठवलं, कण जिभेवर ठेवला. बाहेरून आलेला परीक्षक पाठीशीच उभा होता. दंड धरून नळावर नेलं, चुळा भरायला लावल्या, डॉक्टर बोलावला. शिशाचा खार होता, विषारी. कणभरच, म्हणून निभावलं. परीक्षा तिथंच संपली.

म्हटलं, चव कशी होती? म्हणाला, गोड.

माझ्या पुड्यांत गोड काही नव्हतं.

२३ मार्च
चूक कॉलेजची. विष ठेवता तर वर तसं लिहा. विठाबाईचं म्हणणं, त्यांनी खाऊ नको म्हणून सांगितलं होतं की. हिला कुणी विचारलं? कॉलेजला पत्र लिहायला बसले. खाली माझ्या नावापुढं काय लिहावं सुचेना. उठून दळण दळून आणलं.

२५ मार्च
दत्तोबा भाऊजी सोपानला न्यायला गाडी जुंपून आले. सोपान घरात नाही. वळकटी नाही. बाटल्या धुऊन फळीवर ओळीनं लावलेल्या, पुड्यांवर नावं घातलेली. भाऊजी म्हणाले, वैनी, तळेगावला आसंल. मग बैल सोडून जेवायला बसले. टोचून बोलले असते तर बरं झालं असतं.

२७ मार्च, रविवार
आज तळेगावच्या कारखान्याच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. काय लिहिलं ते राहावं म्हणून इथं उतरवते.

सोपान यास आशीर्वाद. पोट दुखतं का ते आधी लिही, खरं लिही. तू तीन वेळा सांगायला आलास, मी तीन वेळा ताटाकडं बोट केलं. ते माझ्या ध्यानात आहे. जिभेचं मीच सांगितलं होतं, हे मी भाऊजींना सांगितलं, विठाबाईला अजून नाही. आता तू सांग. परत बसायचं का भट्टीवरच राहायचं? मी मधे पडत नाही. पडले तरी ऐकू नकोस. आणि माझ्यावर राग आहे का, तेही एका ओळीत लिही. आहे तर आहे लिही. येत्या गुरुवारच्या टपालानं उत्तर आलं पाहिजे.