शिट्टी गेली, धाप राहिली

१२ मार्च, मंगळवार
हिचा दमा उसळला. छातीतली शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती! सरळ दवाखान्यात भरती. ठरावीक वेळानं वाफ. नर्सबाई मास्क लावतात, औषध संपलं की पुढच्या खाटेकडे. दुपारनंतर शिट्टी बारीक झाली. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, तीस वर्षं कॉम्प्रेसर दुरुस्त करतोय, गळती कानानं पकडतो. म्हणाल्या, "मग इथेच या की नोकरीला!"

१३ मार्च, बुधवार
शिट्टी गेली, धाप वाढली. हे काय गौडबंगाल?
घरचं वाफेचं मशीन औषधासकट पिशवीत घालून आणलं – मीच खोललेलं, मीच जोडलेलं, नव्याला लाजवेल! नर्सबाईंची फेरी झाली की मधल्या वेळात एक वाफ आपली. त्यांना कशाला सांगा? उगाच नियम काढून बसायच्या. हिनं मास्क ढकलला. "अहो, पुरे." म्हटलं, गप बसा मालकीणबाई, औषध आहे, विष नव्हे! दोनदा ढकलला, मग मुकाट्यानं घेतला. पटलं असणार.

१४ मार्च, गुरुवार. सकाळ
मिनिटाला अडतीस श्वास. घड्याळ लावून मोजले. छातीला कान लावला. शिट्टी नाही, घरघर नाही. नळी साफ मोकळी, आणि मोटर सुसाट! मग बिघाड कुठे?
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत उतार नाही पडला तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल.
त्या वळल्या आणि मी आणखी एक वाफ दिली.

दुपार
रक्ताचा रिपोर्ट आला. लॅक्टिक आम्ल भलतंच वाढलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा दमा नाही आता. वाफेच्या औषधानं होतं असं कधी कधी. आम्ल वाढलं की शरीर जोरजोरात श्वास घेतं. आपल्याला वाटतं दमाच वाढला, आणि आपण आणखी वाफ देतो." मग तक्त्यावर बोट ठेवून थांबल्या. "पण आम्ही एवढं औषध दिलेलंच नाही..."
पिशवी माझ्या पायाशी. पायानं हळूच खाटेखाली सारली. हो, सारली! मग हिच्या तोंडाकडे बघितलं आणि बोललो – "सात वाफा मी दिल्यात."
बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वाफ बंद. पिशवी त्यांच्या टेबलाखाली.

१५ मार्च, शुक्रवार
अठरा! नळी टळली. उशी नीट लावत नाही म्हणून माझ्यावर खेकसली. झकास!

१७ मार्च, रविवार
घरी आलो. विचारलं, दोनदा ढकललास, मग का घेत राहिलीस?
"पहिल्या वाफेलाच जीव घाबरा झाला होता माझा. पण तुमचे हात किती कापत होते हो! मशीन चालू केलं, की तेवढ्यापुरते थांबायचे."