पाळण्याची दोरी आणि पियानो

उस्मानाबाद, ता. ५ फेब्रुवारी १९४६

ती. गं. भा. धुरपदाबाई आत्या यांस गौराचा शि. सा. नमस्कार वि. वि.

१) शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी इरम्मावहिनी इथं, जनाना दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी.
२) मूल पायाळू. चार मिनिटं श्वास घेतला नाही. मग घेतला.
३) बाळंतपण मी केलं.
४) दोघी बऱ्या आहेत. वहिनीला तीन आठवडे हलवायचं नाही. बारसं ता. २४ला इथंच.

आपल्या घरी आत्यानं पाळणा म्हटल्याशिवाय नाव ठेवत नाहीत. माझा गळा तुम्हाला ठाऊक आहे. आधीच्या डॉक्टरीणबाई जाताना पियानो ठेवून गेल्या आहेत. त्यावर तुमचा पाळणा रोज अर्धा तास एका बोटानं बसवते आहे. सूर बरोबर लागतात, तरी वहिनी म्हणते की पलटणीची कवायत चालल्यासारखं वाटतं. चूक सापडत नाही.

कळावे, लोभ आहेच.
आपली गौरा

परंडा, ता. १० फेब्रुवारी

चि. गौरास अनेक आशीर्वाद.

पत्र माणिकप्पा मास्तरांकडून लिहवते. वाचून दाखवताना चार मिनिटांपाशी ते थांबले, तेव्हा माझाही जीव थांबला. बाळ-बाळंतीण बऱ्या आहेत, लई बरं वाटलं.

तू नाडी मोजायचं घड्याळ समोर ठेवून वाजवत असशील. एवढ्या परीक्षा दिल्यास, पण पाळणा कुणी शिकवला न्हाय वाटतं. दोरी ओढली की पाळणा जातो, तो परत येईस्तोवर सूर धरायचा असतो.

मी येते. दोरी कुण्या सवाष्णीच्या हाती दे, माझा हात नको. मी व्हरांड्यात बसून ऐकीन. वहिनीला कान बांधायला सांग.

तुझी आत्या

उस्मानाबाद, ता. १४ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

घड्याळ समोरच होतं. ते काढून ठेवलं आणि रिकामा पाळणा हलवून पाहिला. आता वहिनी हसत नाही, बाळ झोपतं.

मात्र बारशाला दोरीवर तुमचा हात दिसल्याशिवाय मला वाजवता येणार नाही, आणि व्हरांडा पियानोच्या पाठीमागं येतो. सोमलिंगदादाला व वहिनीला विचारलं. दादा म्हणाला, लोक बोलतील. वहिनी म्हणाली, बोलू द्या, माझ्या लेकीची दोरी आत्याबाईच ओढतील. दादानं मग पाळणा पियानोसमोर आणून ठेवला.

सहा वर्षांपूर्वी बाबा नको म्हणत असताना तुम्ही त्यांच्याशी भांडून मला शिकायला धाडलंत. तसं झालं नसतं, तर त्या चार मिनिटांत काय करायचं ते मला माहीत नसतं. हे मी आजवर तुम्हाला लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या कुणी दोरी धरली तर मी पियानो उघडणार नाही.

लोभ आहे तसाच ठेवावा, आणि दोरी धरणार की नाही ते बुधवार ता. २० पर्यंत कळवावं.

आपली गौरा