ढमीचं वजन

१३ जुलै, रविवार. हिर्डोशी.
आज विशेष काही घडलं नाही. आखाड चालू आहे म्हणून कामथडीचे साडू चिमाजीराव दुपारी जेवायला आले होते. जेवले, गेले. ढमी, म्हणजे आमचं बदक, दुपारपासून कणगीमागे बसलंय आणि बाहेर येत नाही. हवामानाचा परिणाम असावा.
डायरीशी खोटं बोलू नये म्हणून लिहितो. ढमीला मी पाय धरून उलटी उचलली, हुकाच्या काट्याला लावली आणि वजन केलं. एवढंच. कोंबडीचं गिऱ्हाईक दारात आलं की आपण हेच करतो. कोंबडी दोन मिनिटं ओरडते आणि विसरून जाते. हिने अख्खी वाडी गोळा केली. बायको, मंगल, भाताची लावणी सोडून खाचरातून पळत आली आणि चिखलाच्या हातांनी ढमी माझ्याकडून काढून घेतली. म्हणाली, नंदाला काय सांगनार हायसा? मी म्हटलं, सांगायचंय काय त्यात, वजन केलं.

१४ जुलै, सोमवार. सकाळी ७
नंदा, म्हणजे राजनंदिनी, आमची एकुलती एक. पुण्यात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. बदकाचं अंडं खुडूक कोंबडीखाली ठेवून ढमी तिनेच उबवली. पोरगी हॉस्टेलला जाताना ढमीला माझ्या हातात देऊन गेली. आईच्या नाही, माझ्या. आबा, सांभाळा म्हणाली.
नागपंचमीला येणार आहे. २८ तारखेला संध्याकाळी. चौदा दिवस आहेत. कुक्कुटपालनाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग मी भोरला केलंय, सर्टिफिकेट भिंतीवर आहे. मला चार दिवस पुरे.

त्याच दिवशी, सायंकाळी
नाचणीचा भरडा ताटलीत घेऊन ढमीसमोर बसलो. ती भिंतीला लागून थरथरत होती. पुढे सरकलो तर माझ्या डोक्यावरून उडाली. बदकं उडत नाहीत असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. ट्रेनिंगवाल्यांना कळवायला हवं.

१६ जुलै, बुधवार
अंडं नाही. सलग तिसरा दिवस. मंगल म्हणते, भ्यालीया ती. मी म्हणतो, विश्रांती घेतेय.
ढमी डाव्या पायाने जरा लंगडते. हे आधीपासूनच होतं की काय, आठवत नाही. मंगलला आठवतंय. नव्हतं म्हणते. बदकाचे पाय कोंबडीसारखे नसतात, त्याला पायांनी धरत न्हाईत, येवडं बारक्या पोरालाबी कळतं, असं ती स्वयंपाकघरातून भांड्यांना सांगत होती.

१८ जुलै, शुक्रवार
नंदाचा व्हिडिओ कॉल. ढमी दाखवा म्हणाली. मी म्हटलं, रेंज नाही. ती म्हणाली, आबा, तुम्ही अगदी स्पष्ट दिसताय. मी म्हटलं, माझ्यापुरतीच रेंज आहे, खाचराकडे नाही. मग मोबाईल हलवला आणि बंद केला.
नवा संकल्प: रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास ढमीपासून दहा फुटांवर शांत बसायचं. पावसात सुद्धा.

२० जुलै, रविवार
दहा फूट जमत नाही. ती वीस फूट ठेवते. मी बसलो की ती उठते. शेजारचा गेनू बांधावरून बघत होता. म्हणाला, धनाजीभाऊ, बदक तुमाला राखतंय का तुमी बदकाला? गेनूला पक्ष्यांमधलं काही कळत नाही.
आणखी एक गोष्ट लिहायची राहिली होती. वजन मी आपणहून केलं नाही. चिमाजीराव म्हणाले, बदकाचं मटण खाल्लं न्हाई कंदी, किती भरंल हे? पाहुण्याने विचारलं तर सांगायला नको? मी सांगितलं. पाहुणचार म्हणतात त्याला.

२२ जुलै, मंगळवार
काल रात्रभर पाऊस. सहा दिवस उरले. अंडं नाही.
गाणं म्हणून बघितलं. नंदा तिच्यासाठी म्हणायची ते. ढमी माझा आवाज ऐकला की कणगीमागे जाते, गाणं असो की खोकला.
वजन केलं तेव्हा चुलीवर पाणी तापत होतं, हे मंगल सारखं सारखं काढते. पाणी काही पिसं काढायलाच तापतं असं नाही. आंघोळीसाठीही तापतं. दुपारी दोन वाजता कुणी आंघोळ करत नाही, असं तिचं म्हणणं. नसेल करत.

२४ जुलै, गुरुवार. अमावास्या. दुपारी १२
ढमी नाही. खुराड्यात नाही, कणगीमागे नाही, खाचरात नाही.
आधी खरं सांगायचं तर हलकं वाटलं. बिबट्याने नेली म्हणायचं, विषय संपला. या डोंगरात बिबट्या असतोच. नंदा पाचवीत असताना तिचं करडू होतं, सोनी. तेव्हाही बिबट्यानेच नेली होती, म्हणजे तसं सांगितलं होतं. जत्रा होती, पाहुणे आले होते. पोरगी दोन दिवस जेवली नाही, मग जेवली. तिला पटलं होतं. एकदा पटलेली गोष्ट दुसऱ्यांदा पटायला सोपी जाते.

दुपारी ३
हे सगळं लिहून झालं आणि मी उठून ओढ्याला गेलो. का गेलो ते कळलं नाही. पाणी दोन्ही काठ खात चाललं होतं. पलीकडच्या करवंदीत कोल्ह्याची बिळं आहेत. ढमी, ढमी म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलो. शेवटी निरगुडीच्या मुळाशी पांढरं दिसलं. जिवंत होती. माझ्याकडे बघत होती. मी हात पुढे केला तर तिने त्या लोंढ्यात उडी टाकली. मी नको होतो, लोंढा चालला.
मी मागे सरकलो, आणखी मागे सरकलो आणि मंगलला हाक मारली. मंगलने भरड्याचा डबा खडखडवला. ढमी खालच्या वळणाला काठाला लागली आणि गुपचूप तिच्या मागे घरी आली.
घरी येऊन लागोपाठ तीन कप चहा घेतला. थंडीने.

२५ जुलै, शुक्रवार
श्रावण लागला. आजपासून घरात वशाट बंद. धोका टळलेला आहे. हे ढमीला कसं कळवायचं, एवढाच प्रश्न.
काटा माळ्यावर टाकला. तिच्यासमोर टाकला, मुद्दाम. हूक वाजला आणि ती पुन्हा कणगीमागे.

२६ जुलै, शनिवार. सकाळी ८
यश! डोकं चालवलं. मंगलची लावणीची निळी प्लॅस्टिकची खोळ डोक्यावरून घेतली, तोंड आत लपवलं, डबा खडखडवला. एक शब्द बोललो नाही. ढमी आली. पाच फूट, तीन फूट, मग हातातून भरडा खाल्ला. चोचीने तळहाताला गुदगुल्या होतात, हे मला माहीतच नव्हतं.
बराच वेळ तसाच बसून राहिलो. डोळ्यात पाणी आलं. खोळीत फार उकडतं.

२७ जुलै, रविवार
तीन वेळा खाल्लं. एक अंडंही दिलं! विश्वास पूर्ण परत मिळवला, असं मंगलला सांगितलं. ती म्हणाली, इस्वास माज्यावं हाय तिचा. तुमी निस्ती खोळ घातलीया.
बायकोला नवऱ्याचं यश बघवत नाही, हे जुनंच आहे. शिवाय खोळ मीच आणलेली, भोरहून.

२८ जुलै, सोमवार. रात्री
जसं घडलं तसं लिहितो.
नंदा दुपारच्याच एसटीने आली. मी खोळ घेऊन अंगणात बसलो होतो, पाऊस नव्हता तरी. ढमी माझ्या हातातून खात होती. नंदा फाटकात थांबली. आधी तिला वाटलं आई आहे. मग माझे पाय ओळखले. आबा, तुमच्या हातातून खातेय ती! असं म्हणाली आणि तिचा चेहरा असा काही उजळला की गेले दोन आठवडे मी ज्यासाठी मरत होतो ते हेच, असं वाटलं.
मी शांत बसायला हवं होतं. पण आनंदाच्या भरात म्हणालो, बघ! सांभाळली की नाही?
ढमीने माझा आवाज ऐकला. ताटली उलटली, पंख आपटत लंगडत ती नंदाच्या पायांमागे गेली आणि तिथे थरथरत बसली.
नंदाने तिला उचललं. पोटाखाली हात घालून, कसं उचलतात तसं. पाय चाचपून बघितला. मग अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं तिने विचारलं, किती भरली?
मी म्हणालो, दोन किलो तीनशे.
तोंडातून लगेच निघून गेलं. गिऱ्हाइकाने विचारलं की मी असंच सांगतो, सवय आहे.
नंदा म्हणाली, सोनी अकरा भरली होती. मी गोठ्यामागं उभी होते, आबा.
नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत एकदाही बोलली नव्हती. बिबट्या दिसतो का म्हणून माझ्याबरोबर बॅटरी घेऊन डोंगरात आली होती त्यानंतर. माझं मन राखायला आली होती ती, हे मला आज कळलं.
मंगल आत निघून गेली.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी
आज घरात काही चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत. मंगलने दिंडं उकडली. नंदाने मला वाढली, तूपही जास्त घातलं. ओरडली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. दोन-तीन उत्तरं तयार होती.
संध्याकाळी सांगितलं की ढमीला पालीला मामाकडे ठेवणार. सगुणामामी तिकडे बदकं पाळते. मी म्हटलं, श्रावण चालू आहे. ती म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा आखाड येईल, आबा.

३० जुलै, बुधवार. सकाळी ११
एसटी वाडीत येत नाही, फाट्यापर्यंत चालावं लागतं. ढमीला टोपलीत घालून वरून फडकं बांधलं. टोपली मी घेतो म्हणालो. नंदाने थोडा विचार केला. म्हणाली, घ्या, पण बोलू नका. ती भितीय.
दोन किलोमीटर टोपली डोक्यावर घेऊन चाललो. नंदा पुढे, मी मागे. सांगायचं बरंच होतं. सोनीचं होतं, चुलीवरच्या पाण्याचंही होतं. पाहुणा नुसता निमित्त होता, कापायला हो मीच म्हणालो होतो, हेही होतं. वाटेत गेनू भेटला, कुठं निगाला म्हणाला, त्यालाही हातानेच दाखवलं.
एसटी आली. नंदाने टोपली घेतली आणि नेहमीसारखी पाया पडली. आशीर्वाद अगदी ओठांवर आला होता. तिने टोपलीकडे बघितलं. मी नुसता डोक्यावर हात ठेवला.
गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मोठ्याने म्हणालो, सुखी राहा. फाट्यावर कुणी नव्हतं.
एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी आहे. अख्ख्या वाटेत ढमी माझ्या डोक्यावर होती आणि एकदाही ओरडली नाही. खाली मी आहे हे तिला माहीत नव्हतं, ते सोडा.