दहा सेकंद थांबा!

३ जून, सोमवार
सिनेमाच्या वर्गात नाव घातलं! सदुसष्टाव्या वर्षी. वर्गात माझ्याहून म्हातारा फक्त पंखा. मास्तर टोपीवाले, माझ्या भाच्याच्या वयाचे. पहिलंच वाक्य – "सांगू नका, दाखवा." घरात चाळीस वर्षं सांगतेच आहे, उपयोग शून्य. तेव्हा पटलं!

शेवटी प्रत्येकाचा तीन मिनिटांचा मूकपट, पडद्यावर, घरच्यांसमोर. ह्यांना विचारलं, बघायला याल ना?
"तीन मिनिटं गप्प बसणार तू? छान! पण मी काही येणार नाही."
जिवाला लागलं. आणणारच ह्यांना.

६ जून
बटण उलटं दाबत होते म्हणे. चित्रण करायचं तेव्हा फोन बंद, चालायला लागले की सुरू. वर्गात सगळ्यांनी माझ्या चपला बघितल्या. मास्तर म्हणतात, "आजी, पायांचा अभिनय सहज आहे." मेल्या!

८ जून
विषय ठरला – हे! आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, केसाएवढे स्क्रू चिमट्यानं बसवले. गेल्या वर्षी 'कंटाळा आला' म्हणून दुकान बंद केलं आणि माणूस पार गबाळा झाला. चहा ओततात तर कपात बोट बुडवून! कितीदा ओरडले. आता पडद्यावरच दाखवते. नाव – 'बोटबुडवे'.

१० जून
मास्तर – "शॉट धरा, दहा सेकंद." पाचव्यालाच माझा हात सरकतो. स्वभाव!

११ जून
चहाच्या शॉटला वर्ग खो खो हसला. मीही. मास्तर तेवढे नाही हसले. "पुन्हा घ्या. जवळून. हलू नका."
घरी परत विचारलं, रविवारी याल ना? "तू बघ आणि येऊन सांग." मी म्हटलं, चाळीस वर्षांत माझं काही एक बघितलंत का हो?

१४ जून
फोन बरणीला टेकवला. मनात आकडे मोजले.
बोट कपाच्या काठावर. आत. चहा नखापर्यंत चढला, किटली थांबली. थेंब सांडला नाही. डोळे मात्र कपाकडे नाहीतच – खिडकीकडे! मग तळहात टेबलावरून सरकत गेला, समोरच पडलेला चष्मा शोधत. दहा झाले. मी मोजतच राहिले.

"अहो, कधीपासून?"
"दुकान बंद करायच्या आधीपासून."
"मला सांगायचं नाही?"
"वाटलं, तुला दिसेल."

१६ जून, रविवार
डॉक्टरांची वेळ मंगळवारची. चित्रपटाचं नाव खोडलं.
आज हे येतायत. मागच्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवायला सांगितल्यात. एकेक शॉट ह्यांच्या कानात सांगणार आहे. मास्तरांचा नियम गेला चुलीत!