डावीकडे न वळणाऱ्या गाडीविषयी

१४ मार्च, शनिवार

हंगामाची पहिली शर्यत. अकरा गाड्यांत डेलिया नववी. एका गाडीचे इंजिन सुरूच झाले नाही, पण तो मुद्दा अलाहिदा.

परतताना डेलियाने अट घातली. जूनअखेरपर्यंत ती माझी गाडी चालवील. तोवर गाडी वळू लागली नाही, तर जुलैपासून हॉयट स्प्रूइलच्या तंबूत जाऊन त्याची गाडी चालवील. स्प्रूइल दंतवैद्य आहे. जन्मभर लोकांच्या तोंडात बोटे घातली, की आपल्याला सगळ्यातले कळते असा माणसाचा समज होतो.

अट मान्य केली. कॉलेजात वादविवाद शिकवण्यात आयुष्य गेले. स्वतःच्या मुलीच्या अटीने मी डगमगत नाही. लेनोरा मागच्या सीटवरून म्हणाली, अहो, ती अट नाही घालत आहे, गळ घालतेय. पत्नीला या दोन क्रियांतला भेद लग्नापासून समजावतो आहे.

१५ मार्च, रविवार. चर्चनंतर

आधी व्याख्या, मग वाद. कॅरोलायनाच्या या लाल मातीच्या लंबगोल धावपट्टीवर कार्टला, म्हणजे आमच्या बुटक्या उघड्या गाडीला, एकच दिशा माहीत असावी लागते: डावी. म्हणून मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा घेराने मोठा ठेवायचा. मग चार चाकांखाली चार वजनकाटे मांडायचे. पुढचे उजवे आणि मागचे डावे, या तिरप्या जोडीवर एकूण भाराचा जो हिस्सा पडतो, तो क्रॉस. क्रॉस जास्त झाला की गाडी वळणात नाक सरळ धरून कुंपणाकडे निघते. कमी झाला की शेपूट निसटते. शास्त्र एवढेच. बाकी सगळी तंबूतली बडबड.

संकल्प: एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलाला कारण. आवाज चढवायचा नाही.

१८ मार्च, बुधवार

डेलिया औषधांच्या दुकानातली पाळी संपवून आली. तिला काट्यांवरच्या गाडीत बसवले. हेल्मेट, हातमोजे, नजर समोर. ती एका गिऱ्हाइकाची गंमत सांगू लागली: म्हणे त्याने कुत्र्याची गोळी स्वतः घेतली आणि आता विचारतोय, भुंकायला कधी लागेन? ती हसली. चारही आकडे हलले. मी म्हटले, हसू नकोस. मग तिने मान वळवली. म्हटले, मान वळवू नकोस. थोडा वेळ श्वासही घेऊ नकोस.

म्हणाली, बाबा, मी माणूस आहे, सिमेंटची गोणी नाही.

मी म्हटले, गोणी असतीस तर एव्हाना काम झाले असते.

विधान वस्तुस्थितीला धरून होते. ती उतरून स्वयंपाकघरात आईकडे गेली. बराच वेळ दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. आकडे अपुरे राहिले.

२० मार्च, शुक्रवार

तोडगा निघाला, आणि तो तर्कशुद्ध आहे. डेलिया हलकी, नियमातले किमान वजन भरावे म्हणून तिच्या सीटच्या पाठीला शिशाच्या पट्ट्या बोल्टने बसवाव्या लागतात. मी तिच्याहून जड. पट्ट्या काढल्या, स्वतः बसलो. एकूण भार तंतोतंत तेवढाच. वजन ते वजन. काटा बसणाऱ्याचे नाव विचारत नाही. शिवाय मी श्वास उत्तम रोखतो.

काम झाल्यावर पट्ट्या परत लावल्या. आता कुणाची वाट पाहायला नको.

२१ मार्च, शनिवार

सातवी. पुढच्या दोन गाड्या एकमेकींत अडकल्या, त्याचाही वाटा असेल. पण प्रगती ही प्रगती.

११ एप्रिल, शनिवार

गाडी वळत नाही, हे डेलियाचे म्हणणे कायम. क्रॉस कमी केला; दुसऱ्या फेरीत शेपूट निसटून ती स्वतःभोवती फिरली. मग क्रॉस वाढवला आणि टायरांची हवाही बदलली. संकल्पाचा भंग झालेला नाही: दुसरा बदल पहिल्याच्या खंडनासाठी आवश्यक होता.

स्प्रूइल उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन आला. म्हणाला, प्रोफेसर, एवढा पाना फिरवलात तर बोल्टला चक्कर येईल हो. मी म्हटले, दाताचे मूळ सापडेपर्यंत तुम्ही खोदता, मीही तेच करतोय. म्हणाला, मी आधी विचारतो, कुठं दुखतंय? डेलिया मोठ्याने हसली. उपमा सदोष होती. गाडीला दुखत नाही.

शेंगा घेतल्या नाहीत. लेनोराने घेतल्या.

२ मे, शनिवार

तिसरी!

माझ्या पद्धतीवर शिक्कामोर्तब. सकाळी पाऊस पडून माती चिकट झाली होती आणि जाणते चालक जॉर्जियातल्या मोठ्या शर्यतीला गेले होते, असे लोक म्हणतात. लोक कारण आणि योगायोग यांत नेहमीच गल्लत करतात. डेलिया म्हणाली, बाबा, आज चिखलामुळे निभावलं, गाडी अजून नाही वळत. तिसरे बक्षीस हातात धरून हे बोलायचे! मी तिला आप्तवाक्य आणि प्रत्यक्ष प्रमाण यांतला फरक सांगत होतो, तेवढ्यात बक्षीस लेनोराच्या हातात देऊन ती सँडविच आणायला गेली.

सगळे बोल्ट आहेत तिथेच ठेवायचे. कुणीही हात लावायचा नाही. तीसुद्धा नाही.

१६ मे, शनिवार

कोरडी, चकचकीत माती. चौथ्या वळणात गाडीने नाक वळवलेच नाही, थेट कुंपण. डेलियाच्या बरगडीला मार.

मी धावत गेलो आणि आधी पुढच्या चाकांचा दांडा पाहिला. त्याचे कारण आहे. दांडा स्वतःविषयी सांगू शकत नाही, डेलिया सांगू शकते. दांडा वाकलेला नव्हता. तसे मी तिला लगेच सांगितले.

जेवताना लेनोरा एवढेच म्हणाली, तिच्याकडं आधी कोण पोहोचलं माहितीये? तो दातवाला.

धावण्याच्या वेगाचा आणि आस्थेचा संबंध सिद्ध झालेला नाही.

१० जून, बुधवार

डेलिया न कळवता गॅरेजमध्ये आली. आईसाठी पीच आणले होते. मी गाडीत बसलेलो, पट्ट्या जमिनीवर, श्वास रोखलेला. तिने खोके खाली ठेवले.

म्हणाली, हे काय चाललंय?

मोजमाप.

केव्हापासून तुम्ही बसताय?

मार्चपासून, म्हटले. लपवण्यासारखे काही नव्हते.

ती टायरांच्या ढिगावर बसली. म्हणाली, बाबा, तुमचं पोट पुढं, माझं शिसं पाठीशी. तुम्ही ताठ बसता, मी वळणात डावीकडं झुकते. तुमचे पाय लांब, माझे आखूड. या गाडीत सर्वांत जड गोष्ट इंजिन नाही, बसणारा असतो. तीन महिने तुम्ही गाडी तुमच्यासाठी लावताय आणि कुंपणावर मी आदळतेय.

मी म्हटले, तत्त्वतः एकूण भार समान आहे.

म्हणाली, तत्त्वतः चालवतं कोण?

प्रश्न केवळ आलंकारिक होता, म्हणून उत्तर दिले नाही. मग तिने हेल्मेट घातले. म्हणाली, उतरा. मी बसते. हसणार नाही, बोलणार नाही, तुम्ही म्हणाल तेवढा वेळ श्वास घेणार नाही. घ्या आकडे.

इथे मी कोणतीही घाई केली नाही. हंगामाच्या मध्यावर पद्धत बदलायची, तर आधीचे सगळे आकडे निरर्थक ठरतात. दोन मेचा निकालसुद्धा. शिवाय पूर्वपक्ष मान्य करण्यापूर्वी त्याची परीक्षा करायची असते. मी म्हटले, विचार करून सांगतो.

हेल्मेट घालूनच ती उभी राहिली. काच खाली होती, चेहरा दिसत नव्हता. मी उतरलो नाही. काही वेळाने ती गेली. पीच ठेवून गेली.

११ जून

विचार केला. तिच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. मात्र मांडणीत भावना मिसळल्याने हेत्वाभास होतो. पुढच्या हंगामापासून तिला बसवावे, असे ठरवले आहे. योग्य वेळी कळवीन.

२७ जून, शनिवार

अटीतली अखेरची शर्यत. क्रॉस माझ्या हिशेबाने निर्दोष होता. डेलिया दहावी, म्हणजे शेवटून पहिली. प्रत्येक वळणात ती अंग बाहेर टाकून, हाताने ओढावे तसे गाडीला डावीकडे ओढत होती. गाडी ऐकत नव्हती. इतकी हट्टी गाडी मी पाहिलेली नाही.

ती उतरली. हातमोजे काढले. म्हणाली, बाबा, ठरलं होतं तसं. मी म्हटले, पुढच्या हंगामापासून तुला काट्यावर बसवायचा निर्णय मी आधीच घेतलेला आहे. म्हणाली, कधी? अकरा जूनला, म्हटले. म्हणाली, आणि मला सांगितलं का नाहीत?

योग्य वेळ यायची होती.

गाडी ट्रेलरवर चढवायला दोन माणसे लागतात. दुसरे टोक स्प्रूइलने धरले. म्हणाला, प्रोफेसर, तुम्हीही या की आमच्या तंबूत. खुर्ची ठेवतो, गोड चहा ठेवतो. फक्त पाना घरी ठेवून या. हा माणूस स्वतःला विनोदी समजतो. मी नम्रपणे नकार दिला. लेनोरा म्हणाली, मी येईन. तिला कुणी विचारले नव्हते.

११ जुलै, शनिवार

गेलो. जाण्याचा हेतू केवळ तुलनात्मक अभ्यास. तंबूंकडे न जाता प्रेक्षकांच्या फळीवर बसलो. लेनोरा स्प्रूइलच्या तंबूत.

डेलिया चौथी. माझ्याकडे ती तिसरी आली होती. तेव्हा निष्कर्ष उघड आहे, आणि तो कुणीतरी मांडायला हवा होता.

गाडी मात्र वळत होती. ओढावी लागत नव्हती. ती नुसती बसलेली होती आणि गाडी जात होती.

शर्यत संपल्यावर तिने मला हेरले. हेल्मेट काखेत, गालावर लाल माती, प्रेक्षकांपुढच्या जाळीपाशी धावत आली. धाप लागलेली, हसणे आवरत नव्हते. म्हणाली, बाबा, आलात! कसं वाटलं?

मी म्हटले, तिसऱ्या वळणात तू पेडलवरून पाय लवकर उचलतेस.

तिने मान डोलावली. बरं, म्हणाली. तंबूतून कुणीतरी हाक मारली, तशी वळून गेली.

निरीक्षण अचूक होते. दुसरा मुद्दा, गाडी छान वळत होती हा, शेवटी घेणार होतो. तो जाळीला सांगितला.