झाकणाच्या आतलं हळद-लोणी

बाबा, आधी तुमच्यावर रागावून घेते, मंग बाकीचं सांगते. इतके वर्षं तुमी मले फसवलं. मी समजत होती का मीच तुमाले फसवलं, अन् त्या खुशीत मस्त जगली. आता साठी ओलांडल्यावर माहीत पडते का आपली चोरी पहिल्याच दिवशी पकडल्या गेलती, तं मानसानं करावं काय?

गाडीपासून सांगते. तुमी गेल्यावर तुमची ती गोल पाठीची गाडी माह्याकडं आली. तुमच्या जावयानं ती लय वर्षं चालवली, पन पेचकस कधी हातात धरला नाही. काही बिघडलं का दार आपटाचे, गाडीचं नाही तं घराचं. ते गेले त्याले सहा वर्षं झाले. तवापासून मीच चालवते, बाजाराले, दवाखान्यात. यंदा तिचं आरटीओचं पासिंग आलं, अन् नेमके तवाच लाइट येड्यावानी करू लागले. डावा इंडिकेटर दिला का हेडलाइट मान डोलवल्यावानी कमी-जास्त होये. उजवा दिला तं काहीच नाही. अन् हेडलाइट जळाचा तं दांडी हातानं वर धरून ठेवा लागे. तुमाले माहीत आहे, तिच्यात इंडिकेटर अन् डिप्पर स्टेअरिंगखालच्या एकाच दांडीवर आहे.

तुमचा नातू नागपूरवरून म्हणते, "आई, सोमवारी नापास झाली तं मंगळवारी भंगारवाला येईन. मी बोलून ठेवलं."

म्या म्हनलं, "तुह्या बापानं असं बोलाची हिंमत केली नसती."

"बाबानं दार आपटलं असतं." पोट्टं माह्यावरच गेलं आहे.

चौकातल्या मिस्त्रीले बलावलं. तो म्हणे, "काकू, ही दांडी आता भेटत नाही. पुरी वायरिंग खेचा लागन. हा अजबखान्यातला माल आहे." म्हनलं, "मंग मलेबी घेऊन चाल, दोघीले एकाच काचेत ठेव." तो हासत हासत गेला, अन् मी तुमची औजाराची पेटी काढली. त्यात तुमचा तपासाचा बल्ब अजून आहे, दोन वायरीवाला. एक वायर गाडीच्या लोखंडाले लावाची, दुसरी जिथं कारेंट पाहाचा तिथं. तो हातात घेतला, अन् मी परत दहा वर्षांची आहे, आर्णी रोडवरच्या तुमच्या गॅरेजच्या शेडात उकिडवी बसली आहे, अन् तुमी म्हणता, "पह्यले बल्ब पाह्य, मंग फ्यूज, मंग अर्थची वायर. स्विच सगळ्यात शेवटी. जो पह्यले स्विच खोलते तो आळशी." हे तुमी मले कवा शिकवलं आठवते ना? पोळ्याच्या दिवशी.

आपल्या घरी बैल नव्हते. पोळ्याच्या आदल्या दिवशी सारं गाव बैलाचे खांदे लोणी-हळदीनं मळे, अन् तुमी मायले म्हना, "आपला बैल पेट्रोल पिते, त्याचा बी खांदा मळ." माय बी कमी नव्हती. बोनेटले हळदीचं बोट लावे अन् म्हणे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मले ते पटलं नाही. जू बैलाच्या खांद्यावर असते, मंग गाडीचा खांदा बोनेटवर कसा? जिथं तुमी हात ठेवून तिले वळवता तिथंच असंन. त्या रात्री म्या दांडीच्या फटीतून वाटीभर लोणी-हळद आत कोंबली, बोट जाये तितकी. सकाळी गाडी पोळ्यात न्याले काढली, दांडी हलेना, हेडलाइट लागेना. काका, तुमचा भाऊ, आदल्या दिवशी तीच गाडी घेऊन दिग्रसले गेलता. तुमी चार लोकांत त्याले झाडलं, "दुसऱ्याच्या गाडीवर हात साफ करतो का?" काका पुरनपोळीचं ताट टाकून उठून गेला. मी खांबामागं उभी होती, हाताले हळद. दुपारी तुमी मले हाक मारली, म्या समजलं आता मार. तं तुमी बल्ब हातात देला अन् शिकवाले बसले. मले वाटलं, वा, मी तं बक्षीस कमावलं.

तं या शनिवारी तुमच्याच क्रमानं गेली. बल्ब चांगले. फ्यूज चांगला. डाव्या लाइटमागचा अर्थचा स्क्रू गंजून गेलता, काचपेपरनं घासला, तशी हेडलाइटची मान डोलनं बंद. आता राह्यली दांडी. तपासाचा बल्ब लावला, कारेंट आत जाते, बाहेर निंघत नाही. बॅटरीची वायर काढली, चार पेच खोलले, दांडीवरचं झाकण काढून उलटं केलं.

तुमची ती सवय मी इसरूनच गेलती. कोनतंबी काम केलं का झाकणाच्या आतून पांढऱ्या पेंटनं लिहून ठेवाचे, पुढच्या मिस्त्रीले डोकं खाजवा लागू नये म्हणून. लिहिलं होतं: "पोळा. दांडीत लोणी-हळद. पोरगी. पेट्रोलनं धुतलं. भावाले उगाच बोललो."

म्या झाकण मांडीवर ठेवलं अन् एकटीच इतकी हासली का शेजारीन भिंतीवरून पाहाले आली. "काय झालं, बाई?" म्हनलं, "बापानं पकडलं." ती हळूच मांगं सरकली.

आतल्या पितळेच्या पट्ट्या काळ्या झालत्या. घासल्या, एक जराशी वाकवली, वायर जोडली. उजवा टिकटिक, डावा टिकटिक, डिप्पर वर-खाली. सोमवारी साहेब म्हणे, "काकू, डावा द्या. उजवा द्या. डिप्पर मारा." मारला. मंग विचारलं, "कोनत्या मिस्त्रीनं केलं?" म्हनलं, "तो आता कोनाचं काम घेत नाही." गाडी पास झाली. येऊ नको म्हणून भंगारवाल्याले तुमच्या नातवानंच फोन केला, अन् मले म्हणे, "आई, मले बी शिकव ना." म्हनलं, "पह्यले बल्ब पाह्य."

आता एकच राह्यलं. काका पंच्याऐंशीचा आहे, पन कोनाच्याबी लग्नात बसला का तेच काढते, "माह्या भावानं पोळ्याच्या दिवशी मले लोकांत बोललं, अन् म्या दांडीले हात बी लावला नव्हता." पासिंगवरून येता येता मी त्याच्या घरावरून गेली. त्यानं दांडी वर-खाली करून पाह्यली, म्हणे, "ब्येस चालते. पन म्या नव्हती बिघडवली, बरं का." म्हनलं, "मले माहीत आहे, काका." तो म्हणे, "तुले कसं माहीत?" अन् बाबा, साऱ्या गावाले टोमने मारनाऱ्या तुमच्या पोरीनं त्याले चहा मांगतला. चहा पिऊन वापस आली.

तुमी त्याले सांगतलं नाही, म्या बी नाही. तुमी निदान लिहून तरी ठेवलं. म्या तुमच्या ओळीखाली नेलपॉलिशनं लिहिलं, "अर्थ घासला, पट्टी वाकवली." लोणी मीच कोंबलं, हे लिहाले जागा होती, तरी लिहिलं नाही.

हे पत्र त्या झाकणात ठेवनार होती, पन वायरीजवळ कागद पेटन अन् तुमी वरून ओरडान, म्हणून तुमच्या पेटीत ठेवते. काकाले पोळ्याच्या जेवनाचं आवतन देलं आहे. झाकण लावलं, पन खरं सांगू? चारपैकी दोनच पेच लावले. ते बी काकाच्या हातानं निंघतील असे ठेवले.